ताऱ्याची नाडी आणि सुरांचे रंग



गेल्या अंकात आपण वृद्धांच्या झोपेविषयी बोललो होतो. झोपेच्या गोळीबाबत मी त्या लेखात सावधगिरीचा इशारा दिला. परंतु तो धडा मी स्वतः कशातून शिकलो, हे सांगायचे टाळले होते. आज ते सांगतो. ही गोष्ट एका वृद्ध पेटीवादकाची आहे, माझ्या एका चुकीची आहे आणि थोडी आकाशाचीही आहे. आकाशाचा आणि आरोग्याचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. थोडा धीर धरावा, संबंध आहे.

माझा दवाखाना बारामतीत. आठवड्यातून दोन दिवस मी इंदापुरातही रुग्ण तपासतो. तिथे येणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नीरेकाठच्या गावचे. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. कुटुंबीयांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, मी हे लिहीत आहे. गावच्या भजनी मंडळात गुरुजींनी पन्नास वर्षे पेटी वाजवली. तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली की रात्रीच्या भजनात त्यांची पेटी ठरलेली असे. मधुमेह बावीस वर्षांचा. साखर बरी आहे, डोळ्यांना काही होत नाही, या समजुतीत पडद्याची तपासणी राहून गेली, आणि लेझर उपचार झाले तोवर उशीर झाला होता. माणसाच्या जागी आकृती आणि अक्षरांच्या जागी धूसर डाग, एवढीच दृष्टी उरली.

एके दिवशी त्यांच्या सूनबाई त्यांना बाहेर बाकावर बसवून एकट्याच आत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मामांना भिंतीवर फुलं दिसत्यात. कधी जाळी दिसती, कधी रंग. पेटी ऐकली की आणखीच रंगांचं बोलत्यात. कुणाला सांगू नगा, गावात नाव होईल."

बाहेर चाळीस माणसे खोळंबली होती. वय ब्याऐंशी, रात्रीची झोप कमी, भास होतात, एवढे तीन मुद्दे मनात जुळवून मी रात्रीसाठी एक सौम्य झोपेची गोळी लिहून दिली. गुरुजींना आत बोलावलेसुद्धा नाही. चौथ्या रात्री लघवीला उठताना अंगणात त्यांचा तोल गेला आणि उजवे मनगट मोडले. पेटीच्या पट्ट्यांवर फिरणारा तोच हात. सहा आठवडे प्लास्टर राहिले. ते निघाले तेव्हा बोटे आखडलेली होती, आणि कोपऱ्यातली पेटी झाकून ठेवलेली होती.

न विचारलेला प्रश्न

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला, "गुरुजी, हे कधीपासून?"

उत्तर ऐकून मी चकित झालो. ते म्हणाले, "कोणतं म्हणताय? फुलं की रंग? फुलं दिसायला लागली ती डोळे गेल्यावर, दोन वर्षं झाली असतील. रंगांचं म्हणाल तर ते मला कळायला लागल्यापासून आहेत. गंधार हळदीसारखा पिवळा, पंचम हिरवा, कोमल निषाद जांभळा. मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसतात. एकदा लहानपणी वर्गात बोललो तर मास्तरांनी छडी मारली. पुन्हा कुणाला बोललो नाही."

दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, आणि मी त्यांवर एकच शिक्का मारून गोळी लिहिली होती.

आधी फुलांविषयी. दृष्टी बरीच कमी झालेल्या माणसाला फुले, जाळ्या, नक्षी, चेहरे, माणसांच्या रांगा अशी चित्रे दिसू शकतात. डोळ्यांकडून पुरेसा मजकूर येईनासा झाला की दृष्टीचे काम पाहणारा मेंदूचा भाग रिकामा बसत नाही. तो आपल्याच साठ्यातून चित्रे काढतो. स्वित्झर्लंडमधल्या शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत याचे वर्णन लिहून ठेवले. त्या आजोबांना दृष्टी अधू झाल्यावर माणसे, पक्षी, इमारती दिसत. म्हणून या अवस्थेला बोने यांचेच नाव मिळाले आहे. ही चित्रे मुकी असतात, त्यांना आवाज किंवा वास नसतो. बहुधा ती मंद उजेडात आणि एकांतात येतात. सर्वांत महत्त्वाची खूण ही की, ती खरी नाहीत हे पाहणाऱ्याला ठाऊक असते किंवा समजावून सांगितल्यावर पटते. हे वेड नव्हे. अनेक वृद्ध मात्र वेडे ठरण्याच्या भीतीने याविषयी अवाक्षर काढत नाहीत आणि एकट्याने घाबरत राहतात. दिवा लावणे, डोळ्यांची उघडझाप करणे, नजर इकडून तिकडे फिरवणे, जागेवरून उठून कुणाशी दोन शब्द बोलणे एवढ्यानेही पुष्कळदा चित्र विरते.

आता रंगांविषयी. एका इंद्रियाला चेतना मिळाली असता दुसऱ्याचाही अनुभव आपोआप यावा, याला सिनेस्थेशिया म्हणतात. मराठीत आपण 'सहसंवेदन' म्हणू. कुणाला अक्षरे रंगीत वाटतात, कुणाला वारांना रंग असतात, तर कुणाला स्वरांना. हा आजार नाही. तो बहुधा लहानपणापासून असतो आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात अनेकांत आढळतो. त्याची मुख्य पारख म्हणजे सातत्य. मी गुरुजींकडून बाराही स्वरांचे रंग विचारून वहीत लिहून घेतले आणि तीन महिन्यांनी, काही न सांगता, उलटसुलट क्रमाने पुन्हा विचारले. एकही रंग बदलला नाही. कल्पनेने सांगणाऱ्याला हे साधत नाही.

देवगिरीचा संगीतज्ञ आणि पॅरिसचा

आपल्या भाषेत सुरांना रंग आहेतच. कीर्तनाला रंग चढतो, मैफल रंगते. 'राग' हा शब्दच मुळी रंगवणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. पेटीवाला गायकाला विचारतो, "पट्टी कोणती? काळी चार की पांढरी पाच?" पण हे बोलण्यातले रंग झाले. गुरुजींचे रंग दिसणारे होते.

तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादेत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. हा मूळच्या काश्मिरी घराण्यातला, आजोबा वैद्य. त्यामुळे असेल, संगीतावरच्या या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची वाढ आणि शरीराची रचना यांचे सविस्तर वर्णन येते. नाद देहातून निघतो, तेव्हा आधी देह समजून घ्यावा, ही त्याची भूमिका. त्याच अध्यायात त्याने सातही स्वरांना रंग दिले आहेत: षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गंधार सोन्याचा, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कबरा. मी गुरुजींना ही यादी वाचून दाखवली. गंधार जवळपास जुळला. पंचमाशी येताच ते हसून म्हणाले, "छे, काळा कसा असेल? चांगला उसाच्या पानासारखा हिरवा आहे." सहसंवेदन असणाऱ्या दोन व्यक्तींचे रंग सहसा जुळत नाहीत. ग्रंथातले रंग ही सर्वांनी स्वीकारलेली परंपरा. गुरुजींचा रंग त्यांचा एकट्याचा.

विसाव्या शतकातले फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) यांचेही असेच होते. स्वरसमूह ऐकताच आपल्याला अंतश्चक्षूंपुढे रंग दिसतात, असे ते सांगत, आणि रंगांच्या आधारे संगीत रचत. अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचे तांबडे-नारिंगी सुळके पाहून त्यांनी एक प्रदीर्घ रचना केली. तिच्या नावाचा अर्थ 'दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत'. १९७४ साली ती न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाली. तिच्या बारा भागांपैकी एकात आल्डेबरन ताऱ्याचे गाणे आहे. आल्डेबरन म्हणजे आपली रोहिणी. रंग ऐकणारा माणूस आकाशाकडे पाहून काय रचतो, याचे हे उत्तम उदाहरण.

हे सगळे मी गुरुजींना सांगितले ते करमणुकीसाठी नव्हे. सत्तर वर्षे आपल्या मनात काहीतरी विपरीत आहे असे समजून गप्प बसलेल्या माणसाला, या वाटेने मोठी माणसे गेली आहेत, हे कळणे हाही उपचारच असतो. त्या दिवशी सूनबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी उतरताना पाहिली.

डोळे नसताना तारे

मनगटाची बोटे मात्र हलत नव्हती. व्यायाम लिहून दिले, तेल-शेक सांगितला, मऊ चेंडू दाबायला दिला. गुरुजी दोन दिवस करीत, तिसऱ्या दिवशी सोडून देत. "कशाला आता? दिसत नाही, वाजवता येत नाही," एवढेच म्हणत. घरातल्यांनी वर्णन केलेली लक्षणे, म्हणजे जेवणावरची वासना कमी होणे, दिवसभर पडून राहणे, बोलणे तुटणे, ही मला मनगटापेक्षा अधिक चिंतेची वाटत होती.

अशा वेळी मला एका स्त्रीची हकीकत आठवली. वांडा डियाझ-मर्सेड या पोर्तो रिको बेटावरच्या खगोलशास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेतच मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. गुरुजींचे डोळे ज्याने गेले तेच कारण. खगोलशास्त्र तर डोळ्यांनी आलेख पाहण्याचे शास्त्र. त्यांनी दुर्बिणींनी जमवलेल्या आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करून ते कानांनी अभ्यासायला सुरुवात केली आणि आपले संशोधन पुढे चालू ठेवले.

याची रीत समजण्यासारखी आहे. अवकाशात हवा नाही, म्हणून ताऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. येतात त्या प्रकाशलहरी, रेडिओलहरी, क्ष-किरण. त्या लहरींच्या नोंदींना स्वर नेमून द्यायचे: चित्रात जे उंचावर ते चढ्या स्वरात, जे तेजस्वी ते मोठ्या आवाजात, आणि डावीकडून उजवीकडे चित्र वाचत जायचे. म्हणजे यंत्राकडून घडवलेले सहसंवेदनच. अमेरिकेच्या 'नासा'ने २०२० पासून 'चंद्रा' दुर्बिणीच्या चित्रांचे असे ध्वनी प्रसिद्ध केले आहेत. ही दुर्बीण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. याच दुर्बिणीने ययाती तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात वायूमधून जाणाऱ्या दाबाच्या लाटा टिपल्या. त्या खऱ्याखुऱ्या ध्वनिलहरी आहेत, पण पेटीच्या मधल्या सप्तकाच्या तब्बल ५७ सप्तके खाली. आपली पेटी तीन-साडेतीन सप्तकांची! माणसाला ऐकू यावा म्हणून २०२२ साली तो स्वर तितकी सप्तके वर चढवून प्रसिद्ध करण्यात आला.

गुरुजींचा नातू अभियांत्रिकीला आहे. त्याला मी हे सांगितले आणि पुढच्या खेपेला तो मोबाईलमध्ये एक वेगळाच ध्वनी घेऊन आला. तो होता स्पंदक ताऱ्याचा, ज्याला पल्सार म्हणतात. प्रचंड तारा कोसळून उरलेला, दाट आणि लहानसा गोळा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचे रेडिओकिरण ठरावीक काळाने आपल्यावरून जातात. १९६७ साली जोसेलिन बेल या तरुण संशोधिकेला असे पहिले ठोके सापडले. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, ती याच स्पंदकांचा वेध घेते. नातवाने आणलेला ध्वनी इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने प्रसिद्ध केलेला होता. शर्मिष्ठेच्या शेजारच्या आकाशातला तो स्पंदक ०.७१४ सेकंदाला एक ठोका देतो.

गुरुजींनी मोबाईल कानाशी धरला. ठक्, ठक्, ठक्. काही ठोके जोरकस, काही दबके, पण अंतर तसूभर चुकत नव्हते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही खरी आकाशवाणी!" आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला. सवयीने माझी बोटे त्यांच्या मनगटावर गेली. हिशेब केला तर तारा मिनिटाला ८४ ठोके देत होता. गुरुजींची नाडी होती ८०. मी तसे म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तारा मला थोडा पुढं ओढतोय."

भूपातली मोकळी जागा

दुसऱ्या दिवशी पेटीवरचे कापड निघाले.

पुढचे दोन महिने मी केवळ साक्षीदार होतो. नातू भाता मारी आणि गुरुजी उजव्या हाताने, आधी दोन बोटांनी, मग तीन बोटांनी पट्ट्या शोधत. मी लिहून दिलेले व्यायाम त्यांनी कधी मनापासून केले नाहीत. परंतु तासतासभर चाललेल्या या शोधाने बोटे सुटत गेली. त्यांना एक चाल बांधायची होती, शब्दांवाचून, नुसत्या स्वरांची. खाली ताऱ्याच्या ठोक्यांवर भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बसवायच्या. जोरकस ठोके आले की स्वर वर न्यायचा, दबके आले की ठेहराव घ्यायचा.

राग कोणता, यावर घरात चर्चा झाली. नातवाने सांगितले की, १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर, जगातल्या २७ रचनांमध्ये, आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या केसरबाई ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ उडाल्यानंतर अकराच दिवसांनी निवर्तल्या. त्यांचा सूर मात्र आज तारकांमधल्या अवकाशात आहे. "मग आबा, तुम्ही पण भैरवीच घ्या," नातू म्हणाला. गुरुजींनी मान हलवली. "भैरवी मैफल संपवताना. माझी अजून संपली नाही."

त्यांनी भूप निवडला. कारण विचारले तर म्हणाले, "आकाशात तारे थोडे आणि मोकळी जागा फार. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. तेवढी जागा मोकळी राहते. माझ्या डोळ्यांपुढं पाचच रंग, आणि मध्ये नुसता अंधार. तो अंधार आता चालीतलाच वाटतो."

मला संगीत कळते असे मी म्हणणार नाही. पण ज्या अंधाराला हा माणूस दोन वर्षे घाबरत होता, त्याला त्याने चालीत जागा दिली, एवढे मला कळले. कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री देवळात मंडळाने ती चाल वाजवली. पखवाजाच्या साथीला मोबाईलमधला तारा ध्वनिक्षेपकावर लावला होता. मंडळातले काहीजण शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इस्रोच्या अग्निबाणांचे भाग जिथे घडतात, तो कारखाना. त्यांतले एक मला म्हणाले, "आम्ही लोखंड वर पाठवलं, गुरुजींनी वरचं खाली आणलं."

काय झाले नाही, तेही सांगतो

गुरुजींची दृष्टी परत आली नाही. संगीताने मधुमेह बरा होत नाही, आणि ताऱ्यांच्या ध्वनीत कोणतीही गूढ रोगनाशक शक्ती नाही. तसे सांगून कुणी काही विकू लागला तर घेऊ नये. भिंतीवरची फुले अजूनही अधूनमधून येतात. गुरुजी त्यांना आता "पाहुणे आले" म्हणतात. मनगट पंधरा आणे सुधारले. जेवण सुधारले, दिवसाला आकार आला. इन्सुलिनच्या वेळा ते आता स्वतः सांभाळतात, कारण संध्याकाळी मंडळ यायचे असते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी एवढा लाभ थोडा नव्हे.

माझ्यापुरते सांगायचे तर, तेव्हापासून एखादा वृद्ध 'काहीतरी दिसते, काहीतरी ऐकू येते' म्हणाला की मी आधी पेन खाली ठेवतो.

आता घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्या माझ्या वाचकांसाठी काही गोष्टी, क्रमाने:

१. पहिला प्रश्न 'कधीपासून?' हाच असावा. लहानपणापासून असलेले स्वरांचे वा अक्षरांचे रंग निरुपद्रवी असतात. त्यांना औषध नको. वृद्धापकाळी नव्याने सुरू झालेली प्रत्येक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. दृष्टीच्या मज्जातंतूला इजा झालेल्या काहींना मोठा आवाज होताच डोळ्यांपुढे प्रकाशाची लकेर दिसते. हे जन्मजात सहसंवेदन नव्हे, तर डोळ्यांच्या विकाराची खूण असू शकते.

२. एका डोळ्यापुढे अचानक विजेसारखे चमकणे, काळे ठिपके तरंगणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे ही डोळ्याचा पडदा सुटण्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. भासांबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातली शक्ती गेली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

३. भास खरे वाटत असतील, त्यांच्याशी बोलणे चालू असेल, किंवा एकदोन दिवसांत माणूस गोंधळलेला दिसू लागला असेल, तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे, नवे औषध, अशी कारणे शोधावी लागतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला सगळे पिवळे-हिरवे दिसू लागले तर तो औषधाचे प्रमाण जास्त झाल्याचा इशारा असू शकतो. तपासणीला जाताना सर्व औषधांची पिशवी सोबत न्यावी.

४. झोपेची गोळी स्वतःहून सुरू करू नये. आणि जुनी असल्यास स्वतःहून एकदम बंदही करू नये. रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा असावा आणि वाटेत पायपुसणे, वायर, बादली नसावी.

५. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, दिसत सगळे नीट असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. गुरुजींच्या बाबतीत जे निसटले ते हेच.

६. दृष्टी कमी झालेल्या माणसाचे कान ही त्याची खिडकी. कानात मळ आहे का, ऐकू कमी येते का, हे तपासावे. गरज असल्यास श्रवणयंत्राला नकार देऊ नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कानात सतत गुंजन होत असेल तर तो अनाहत नाद समजून बसू नये, दाखवून घ्यावे.

७. शेवटचे, आणि त्याला खर्च काही नाही. आपल्या घरातल्या वृद्धाला ज्या गोष्टीत आयुष्यभर गती होती, तिच्यात काही नवीन आणून द्यावे. जुनेच पुन्हा आठवण्यात मन रमते. पण नवे रचायला मिळाले की माणूस उद्याची वाट पाहू लागतो. हा ध्वनी नातवंडांच्या मोबाईलवर सहज मिळतो. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडून मागून घ्यावा, आजी-आजोबांच्या कानाशी धरावा आणि शांत बसावे. मांडीवर ठेका धरला जातो का, ते पाहावे.

पुढच्या अंकात पावसाळ्यातील सांधेदुखीविषयी बोलू. तोवर सर्वांनी आपापली काळजी घ्यावी, आणि घरात कुणी काही 'दिसते' म्हणाले तर त्याला गप्प करू नये.

आपला,
डॉक्टर